पांढरी दोन, पण जरा चढी

टर्नटेबलचा बेल्ट बदलला तरी पट्टी चढीच येत होती. गेल्या पावसातली गोष्ट. अमेरिकन ट्रम्पेटवादक माईल्स डेव्हिसची जॅझची तबकडी काइंड ऑफ ब्लू, १९५९ सालची, म्हणजे माझी प्रत तेव्हाची नाही, नंतर कधीतरी छापलेली पण परदेशी, एका तारवट्याच्या, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्या खलाशाच्या घरातून आलेली, कव्हरचे कोपरे उंदरांनी खाल्लेले पण तबकडी आतून काळीकुळकुळीत. गोव्यात फोंड्याच्या आमच्या घरात दुपारी लावली होती, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, आणि आतल्या खोलीतून बाबा उठून दारात येऊन उभे राहिले. बाबांनी आयुष्यभर पेटी वाजवली, जत्रेतल्या नाटकांना, भजनाला, सप्ताहाला. जॅझ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "काफी न्हय गो हो?"

(आमच्याकडे बोलणं कोकणीत आणि लिहिणं-वाचणं मराठीत, त्यामुळे पुढेही असंच मिसळून येईल, चालवून घ्या.)

आणि खरंच काफी! पहिलंच ट्रॅक, सो व्हॉट. पॉल चेंबर्सचा बेस एक ओळ विचारतो आणि बाकीचे दोन सुरांच्या झटक्यात उत्तर देतात, भजनात म्हणणारा आणि मागचे झेलकरी असतात ना, अगदी तसं. त्यांच्या भाषेत त्याला डी डोरियन म्हणतात. डी म्हणजे आपली पेटीवरची पांढरी दोन आणि डोरियन म्हणजे कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी सगळे शुद्ध, म्हणजे सरळ काफी थाट. सोळा बार, म्हणजे चार-चार मात्रांचे सोळा खंड, पांढरी दोनमध्ये राहतात, मग सगळेच्या सगळे अर्धा सूर वर जाऊन आठ बार काळी दोनमध्ये, आणि परत आठ बार पांढरी दोन. बत्तीस बारांचं आवर्तन झालं. इतके दिवस मी हे पुस्तकी भाषेत वाचत होते, मोडल जॅझ वगैरे, पण बाबा म्हणाले "सा उचललो रे तांणी, आनी परत दवरलो" आणि माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला, कारण आपल्याकडे सगळं हलेल पण षड्ज हलत नाही, आणि इथे हे लोक अख्खा षड्जच उचलून बाजूला ठेवतात आणि तरी कोणी पडत नाही.

मग बाबांनी पेटी काढली. पांढरी दोन दाबली, तर जुळेना. ना पांढरी दोन ना काळी दोन, मधेच कुठेतरी. मला वाटलं टर्नटेबल जोरात फिरतंय, बेल्ट जुना झालाय, म्हणून पणजीहून नवा बेल्ट आणवला, वेग तपासायच्या ठिपक्यांच्या कागदावर बघितलं, वेग बरोबर, पट्टी तरी चढीच. मोबाइलवरचा ट्यूनर लावला, तोही तेच सांगतोय. शेवटी बाबाच म्हणाले दुसरी बाजू लाव. दुसऱ्या बाजूचं ऑल ब्लूज, सहाच्या झोकातलं, दादऱ्यासारखं डुलणारं, ते पांढरी पाचला चपखल बसलं! म्हणजे एकाच तबकडीची एक बाजू चढी आणि एक बरोबर. टर्नटेबलचा दोष असता तर दोन्ही बाजू चढ्या आल्या असत्या.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की ही जगप्रसिद्ध चूक आहे. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या कोलंबियाच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत पहिल्या बाजूची तिन्ही ट्रॅक ध्वनिमुद्रित झाली, त्या दिवशी ज्या टेप मशीनवरून पुढे मास्टर (ज्यावरून तबकड्या छापतात ती टेप) झाला ते जरा हळू चालत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं नेहमीच्या वेगाने वाजवलं की सूर चढतो. दुसरी बाजू २२ एप्रिलला झाली, तेव्हा सगळं ठीक होतं. तीसेक वर्षं जगाने ती बाजू चढीच ऐकली, नव्वदच्या दशकात दुसऱ्या मशीनवरची टेप वापरून ती सुधारली गेली. आता जे सगळे मोबाइलवर ऐकतात ते सुधारलेलं. माझ्याकडची जुनी तबकडी अजून चढी आहे आणि मला ती तशीच आवडते, कारण फोंड्यात बसून पेटीवर आमच्या बाबांनी ती पकडली.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की लोक मला विचारतात, तुमच्या घरात नाट्यसंगीत, भजन, मग हे जॅझचं खूळ कुठून आलं. आणि मी तेव्हापासून म्हणते की कुठून आलं नाही, ते नदीपलीकडेच होतं, आम्हीच पूल ओलांडून गेलो नाही.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं. आम्ही नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेल्या भागातले, देवळांच्या बाजूचे. बोरीचा पूल ओलांडला, जुवारी नदी पार केली की सासष्टी, आणि मांडवीपलीकडे बार्देस, ही जुन्या काबिजादी, चर्चच्या बाजूची. तिकडे पॅरिश शाळांतून पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्या शिक्षणावर गोव्याची पोरं मुंबईला गेली, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत, राहिली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवलं, आणि मग सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. आमच्या बाजूच्या गायिकाही मुंबईलाच गेल्या. दोन्हीकडची माणसं एकाच शहरात, एकाच धंद्यात, आणि इथे गावी पंधरा-वीस किलोमीटरवर राहून एकमेकांचं संगीत मात्र भिंतीपलीकडचं. मला हे फार लागतं. मी चाळिशीला पोचले तोवर मला चिक चॉकलेट हे नावसुद्धा माहीत नव्हतं!

हळदोण्याचा माणूस हो. खरं नाव आंतोनियु झेवियर वाझ, जन्म १९१६, ट्रम्पेट वाजवायचा, भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला. सी. रामचंद्रांबरोबर त्याने काम केलं, आणि १९५१ च्या अलबेलामध्ये तर तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो, त्या झालरीवाल्या बाह्यांचे शर्ट घालून. अलबेलाची गाणी आमच्या घरात कोणाला पाठ नव्हती? भगवानदादा, लता, चितळकर, सगळं माहीत. पण त्या गाण्यांत मधे जो पितळी आवाज झळाळून जातो तो कोणाचा हे विचारावं असं आम्हाला कधी वाटलं नाही, आणि तबकडीवर ते लिहिलेलंही नसायचं. गायकाचं नाव, सिनेमाचं नाव, संगीतकाराचं नाव, बस्स. संगीतकार सरगमीत चाल सांगणार, गोव्याचा अरेंजर ती कागदावर उतरवून कोणी कुठे काय वाजवायचं ते लिहिणार, तीस-चाळीस माणसं ती वाचून वाजवणार, आणि तबकडीवर त्यांच्यासाठी जागाच नाही. त्यामुळे मी जी जुनी रेकॉर्ड शोधते त्यात निम्मी जॅझची असतात आणि निम्मी हिंदी सिनेमाची, आणि माझ्या दृष्टीने ती एकाच कपाटातली आहेत.

आता शोधण्याबद्दल. सगळ्यांना वाटतं हणजुण्याचा (अंजुनाचा) बुधवारचा बाजार. तिथे मिळतात, नाही असं नाही, पण तिथले भाव पर्यटकांचे, आणि बहुतेक माल बाहेरून आणलेला, त्यात गोवा नसतो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार जरा बरा, मिरच्या, मडकी, चोरीस (गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज) यांच्या रांगा संपल्यावर जुनं सामान घेऊन काहीजण बसतात, सकाळी सातला पोचलात तर काहीतरी हाती लागतं. मला तिथे एकदा एकाच ढिगात लुई आर्मस्ट्राँग आणि त्याखाली केसरबाई केरकर मिळाल्या, दोन्ही मिळून सहाशे रुपये. केसरबाई आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. विकणाऱ्याला दोघांपैकी कोणाचंच काही नव्हतं, पण मी तिथेच उभी राहून दोन्ही कव्हरं छातीशी धरली, कारण हे दोघं याआधीही एका तबकडीवर होते. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अवकाशात पाठवली तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', आणि आर्मस्ट्राँगचं मेलन्कली ब्लूजही आहे. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. केरीची बाई आणि न्यू ऑर्लिन्सचा माणूस ताऱ्यांमधल्या अवकाशात एकत्र पोचले. आणि आम्ही बोरीचा पूल ओलांडायला इतकी वर्षं लावली.

पण खरा माल घरांत असतो. गोव्यातली रेकॉर्ड दुकानातून कमी आणि ट्रंकेतून जास्त आली. तारवट्यांनी जहाजावरून आणलेली, आफ्रिकेहून परतलेल्यांनी आणलेली, मुंबईच्या बँडमधून निवृत्त झालेल्यांनी आणलेली. माझ्याकडे एक कव्हर आहे त्यावर नैरोबीच्या दुकानाचा शिक्का आहे, एकावर लॉरेन्सो मार्किश, म्हणजे आताचं मापुटो. कव्हरच्या मागे शाईच्या पेनाने नाव आणि तारीख घालायची पद्धत होती, काहींवर तर 'अमक्याला वाढदिवसाला' असंही. बाहेरचे गोळा करणारे म्हणतात लिहिलेलं असलं की किंमत पडते. मी उलट तेच आधी बघते.

घर कुठलं बंद होतंय, कोण पोर्तुगालला चाललंय, हे सगळ्यात आधी पोदेराला कळतं. सकाळ-संध्याकाळ पाव घेऊन दारोदार सायकल फिरते, कुठल्या घरात पाव कमी झाले ते त्याला माहीत. त्यामुळे सासष्टीतल्या दोन पोदेरांकडे माझा नंबर आहे. तरी कधीकधी उशीर होतोच. बार्देसातल्या एका घरी मी दोन दिवस उशिरा गेले, तोवर घर रिकामं करायला आलेल्या माणसांनी सगळं अंगणात विहिरीजवळ टाकलेलं आणि रात्रभर पाऊस. कव्हरांचा लगदा होऊन तबकड्यांना चिकटला होता. शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या तर पायाखाली येऊन फुटलेल्या, त्या काचेसारख्या फुटतात, आणि त्या तुकड्यांवर नावाचा कागद अर्धा अर्धा शाबूत होता. ते मी विसरू शकत नाही.

घ्यायची झाली तर उन्हात तिरकी धरून बघा, डोळ्यांच्या रेषेत, वाकलीय का. मधल्या भोकाभोवती कागदावर बारीक रेघा असतात, लावताना खिळा चाचपडल्याच्या, त्या जितक्या जास्त तितकी ती जास्त वाजलेली. खोबणी करडी पडली असली तर जड सुईने घासलेली आहे, ती धुऊन परत येत नाही. गोव्यात बुरशी तर असतेच, पांढरी, कापसासारखी, पण ती बघून सोडू नका, ती जाते. डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मखमलीचं मऊ कापड, खोबणीच्या दिशेने गोल फिरवायचं आणि मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही. शेलॅकला मात्र स्पिरिट कधीही लावू नका, शेलॅक त्यात विरघळतं. आणि ७८ ला एलपीची सुई लावू नका, तिची खोबण रुंद असते, बारीक सुई तळाशी जाऊन नुसती खरखर काढते, त्यासाठी वेगळी जाड सुई मिळते ती घ्या. एवढं केलं की पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून हवा द्यायची, तबकड्या उभ्या ठेवायच्या, झालं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती.

डिसेंबरमध्ये पोदेराने सांगितलं म्हणून लोटलीच्या बाजूला एका घरी गेले. मोठं बाल्कांव (पुढचा ओटा), लाल फरशी, आणि आत एक आंटी, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे यजमान मुंबईत ट्रम्पेट वाजवायचे, आधी हॉटेलात, मग सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. ते जाऊन वीस वर्षं झाली. मी आपली घाईत, रेकॉर्ड बघू का म्हणून, तर म्हणाल्या, "बस गो बाय, घाय कित्याक?" चहा आला, दोदोल आलं, नातवंडांचे फोटो झाले, मग पलंगाखालची ट्रंक ओढली. वर नोटेशनच्या वह्या, खाली रेकॉर्ड. चाळीसेक असतील. अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकची जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया होती, १९५८ मध्ये ब्रुबेक भारतात येऊन गेला त्या दौऱ्यावरून केलेली, कलकत्ता ब्लूज आहे ना तीच. मी पाच वर्षं शोधत होते. गायिका लोर्नाचे संगीतकार ख्रिस पेरीबरोबरचे कोकणी ईपी, म्हणजे छोट्या तबकड्या, होते. आणि हिंदी सिनेमाचे बरेच.

वाजवून बघायला मी माझा जुना एचएमव्ही फिएस्टा गाडीत घेऊन फिरते, बॅटरीवर चालतो. आंटींना विचारलं यातलं तुमच्या यजमानांनी कुठल्यात वाजवलंय, तर त्यांनी एक ईपी काढून दिला. गाण्याचं नाव त्यांना विचारल्याशिवाय इथे लिहिणार नाही, पण तुम्हाला सगळ्यांना येतं असं गाणं. लावलं. सुरुवातीची ट्रम्पेटची ओळ आली आणि आंटी डोळे मिटून गुणगुणायला लागल्या, आणि मला वाटलं वय झालंय, सूर सुटलाय, कारण त्या गात होत्या ती चाल गाण्याची नव्हतीच. खाली कुठेतरी, वेगळीच, दोन-तीन सुरांवर रेंगाळणारी, मधेच थांबणारी. पण ताल चुकत नव्हता. जिथे थांबायच्या तिथे ठाम थांबत होत्या. कडवं झालं, मधलं म्युझिक आलं, परत तीच खालची ओळ.

मग कळलं. यजमान दुसरा ट्रम्पेट वाजवायचे. घरी रियाज करायचे तो दुसऱ्या ट्रम्पेटच्या ओळीचा, कारण वहीत तीच लिहिलेली. आंटींनी ते गाणं सिनेमात ऐकायच्या आधी कित्येक दिवस घरात ऐकलं होतं, फक्त ती ओळ, एकटी, भाकरी भाजताना, पोरांना न्हाऊ घालताना. त्यांच्यासाठी गाणं तेच आहे. लता वरून काहीतरी गाते ते नंतरचं.

मी ते गाणं हजार वेळा ऐकलं असेल आणि मला ती ओळ कधी ऐकूच आली नव्हती. आंटींनी गायली तेव्हा एकदम दिसायला लागली, पहिल्या ट्रम्पेटच्या खाली, कधी त्याला टेकू देत, कधी तो श्वास घेतो तेवढ्यात जागा भरून काढत.

ब्रुबेक आणि चार ईपी मी विकत घेतले, पैसे देताना आंटी घेत नव्हत्या, जबरदस्तीने दिले. तो एक ईपी मी मागितला नाही. घरी आल्यावर माझ्याकडच्या कॉपीवर तेच गाणं लावलं, बाबांना बसवलं, काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं वरची चाल सोडा, खालचा ट्रम्पेट ऐका. पहिल्यांदा नाही सापडला. दुसऱ्यांदा हात वर केला, थांब म्हणून. तिसऱ्यांदा पेटी ओढली, काळी एक धरली, आणि ओळ वाजवायला लागले, सुरुवातीला चाचपडत आणि मग सलग. बाबा आयुष्यभर साथीलाच बसले, नाटकाच्या हँडबिलावर नटांची नावं असायची, पेटीवाल्याचं असलंच तर खाली बारीक. सुई मी सात-आठ वेळा मागे आणली असेल. संध्याकाळचा दिवा लागला तरी ते थांबेनात. मग पेटीचा भाता सोडून म्हणाले, "बरो वाजयता गो. मदीं मदीं वचना." चांगला वाजवतो, मधे मधे येत नाही.

आंटींना फोन केला. त्यांना आधी कळलंच नाही मी काय म्हणतेय, मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या येत्या आयताराला मिसा झाल्यावर या, दहाच्या पुढे, जेवूनच जायचं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट आत्तापासून बाजूला काढून ठेवलाय. फिएस्टा डिकीत ठेवणार आणि पेटी मागच्या सीटवर, आडवी ठेवली की बसते, काल मोजून बघितलं.